लांब पळणाऱ्यांच्या जिल्ह्यात एक फेरी

पहाटेचे साडेपाच. मालेगाव कॅम्पातल्या मैदानावर अजून पुरतं उजाडलेलं नाही, पण पावलांचा आवाज कधीचाच सुरू झालाय. दाभाडी, सौंदाणे, वडनेरकडून एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आलेली ही पोरं भरतीची. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी वीस एकट्या लांब धावण्याला, पंधरा शंभर मीटरला आणि पंधरा गोळ्याला. मैदानात सगळ्यांच्या तोंडी मात्र एकच शब्द, ‘सोळाशे’. काल सोळाशे किती बसलं, आज किती बसवायचं.

शंभर मीटरची तयारी कुठे चालते ते पाहायला मी कोपऱ्यात गेलो. दोन विटांमध्ये ओढलेली चुन्याची रेघ पावसाने निम्मी पुसून गेली होती. पलीकडच्या टोकाला एक चप्पल ठेवलेली. मधलं अंतर कसं मोजलं म्हणून विचारलं, तर एक जण म्हणाला, “पावलांनी.” दुसऱ्याने टाळी वाजवली की पहिला सुटायचा आणि तिसरा मोबाइलवर वेळ धरायचा. तिसरा उभा होता सुटणाऱ्याच्या बाजूला. त्यामुळे पळणारा रेघ कधी ओलांडतो, हे त्याला मागूनच पाहावं लागत होतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता ‘परतफेड’. गरिबीतून वर आलेला एखादा वेगवान धावपटू शोधा आणि त्याच्यामुळे मागच्या पोरांना काय मिळालं ते लिहा, असं त्यांचं म्हणणं. विषय ऐकायला सोपा वाटला. नाशिक जिल्हा म्हणजे धावणाऱ्यांचा जिल्हा, नावं सापडायला कितीसा वेळ लागणार? नावं भराभर आठवलीही. पण यादी समोर ठेवली तेव्हा लक्षात आलं की ती जवळजवळ सगळी लांब पळणाऱ्यांची आहे.

रस्त्याला भाडं नसतं

हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दहा हजारात रौप्य आणि पाच हजारात कांस्य. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव तिला वर्तमानपत्रांनी दिलं आणि ते घरोघरी गेलं. मालेगावला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये तिसरी आली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. नाशिकबाहेर पाहिलं तरी चित्र हेच. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. दोघांचाही प्रकार तीन हजार मीटर स्टीपलचेस.

डोंगराळ किंवा दुष्काळी गाव, आईबाप मजुरी करणारे, शाळा आणि पाणी दोन्ही लांब. या सगळ्यांची गोष्ट आपण अशीच सांगतो, आणि ती खोटी नाही. मात्र त्यातून आपण एक घाईचा निष्कर्ष काढतो. गरिबाच्या पोरांत दमसास जन्मजात असतो, म्हणून ती लांब पळतात, असं म्हणून मोकळे होतो. खरं कारण बरंच व्यावहारिक आहे. लांब पळायला रस्ता पुरतो, आणि रस्त्याला भाडं नसतं. दहा किलोमीटरच्या सरावात अंतर शंभर मीटरने चुकलं तरी फारसं बिघडत नाही. घाट असला तर उलट बरंच. हळूहळू अंतर वाढवत नेणारा आणि शिस्त लावणारा माणूस भेटला की पोरगी वर येते.

वेगाचं गणित निराळं आहे. शंभर मीटरमध्ये निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो. अंतर पावलांनी मोजलं असेल तर आजची वेळ आणि कालची वेळ यांची तुलनाच होत नाही. हाताने घेतलेली वेळ नेहमी थोडी खुशामत करते. पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ दाबेपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास निघून जातो. म्हणून हातघड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून पाहताना शंभर आणि दोनशे मीटरला ०.२४ सेकंद, तर चारशेला ०.१४ सेकंद मिळवण्याची पद्धत आहे. गावच्या मैदानावर ‘अकरा पॉइंट दोन’ मारणारा पोरगा बालेवाडीच्या ट्रॅकवर साडेअकरात बसतो आणि आपलं काय चुकलं, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

शिवाय स्टार्टिंग ब्लॉक हवेत, खिळ्यांचे बूट हवेत, ते रुततील अशी धावपट्टी हवी. कडक मुरमावर रोज पूर्ण जोराने पळालं तर नडग्या भरून येतात, मांडीचा मागचा स्नायू धरतो. वेगवान धावणाऱ्याला दोन धावांमध्ये भरपूर विश्रांती लागते, रात्री पुरती झोप लागते आणि ताटात अंडी, दूध, डाळ लागते. घरात या गोष्टींचीच टंचाई असेल, तर पोर आपोआप लांबच्या शर्यतीकडे वळतं. वेग असलेली किती पोरं अशी वळली असतील, त्याची नोंद कुठेच होत नाही.

चारशे मीटर

या यादीत एक नाव वेगळं निघालं. सुरगाणा तालुक्यातल्या तोरणडोंगरीचा दिलीप महादू गावित. त्याची शर्यत चारशे मीटरची.

मैदानाची एक पूर्ण फेरी म्हणजे चारशे मीटर. धावण्याच्या प्रकारांत ही वेगाची शेवटची पायरी. यापुढे आठशेपासून मध्यम पल्ला सुरू होतो. प्रमाणित मैदानावर दोन सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या आणि दोन वळणं प्रत्येकी ११५.६१ मीटरची. प्रत्येकाला शेवटपर्यंत आपापल्याच पट्टीत पळावं लागतं. बाहेरच्या पट्टीचं वळण मोठं, म्हणून तिथला धावपटू पुढून सुटतो. दुसरी पट्टी पहिलीच्या ७.०४ मीटर पुढे असते. पाहणाऱ्याला वाटतं, बाहेरच्यांना फुकटची आघाडी दिलीय. खरं तर बाहेरच्या पट्टीत पळणाऱ्याला मागचे दिसतच नाहीत. आपण पुढे आहोत की मागे, हे त्याला शेवटच्या वळणानंतरच कळतं.

पहिले पन्नास-साठ मीटर वेग पकडण्यात जातात. मग मागची सरळ पट्टी, तिथे वेग राखायचा आणि खांदे सैल सोडायचे. दोनशेनंतरच्या वळणावर खरी परीक्षा सुरू होते. प्राणवायू पुरेसा मिळत नसताना स्नायू ऊर्जा तयार करतात, त्यात आम्ल साठत जातं आणि तीनशेच्या पुढे पाय शिशाचे होतात. शेवटच्या शंभर मीटरला कोणीच वेग वाढवत नसतं. जो सगळ्यांत कमी मंदावतो, तो जिंकतो. म्हणून चारशेच्या धावपटूला शंभरचा वेगही लागतो आणि आठशेवाल्याची सहनशक्तीही. ही सहनशक्ती डोंगरातल्या रस्त्यावर पळूनही कमावता येते. वेग मात्र कोणीतरी बसून घडवावा लागतो.

दिलीपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे त्याला एक हात गमवावा लागला. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये तो टी-४७ या गटात पळतो. टी म्हणजे ट्रॅक, आणि ४७ हा एका हाताला व्यंग असलेल्या धावपटूंचा गट. पाहणाऱ्याला वाटेल, पळायला पाय लागतात, हाताचं काय एवढं? पळताना उजवा पाय पुढे गेला की डावा हात पुढे जातो, त्यामुळे धड सरळ राहतं. एका बाजूचं हे वजन नसेल तर प्रत्येक पावलाला धड फिरू पाहतं, वळणावर तर जास्तच. ते फिरणं पोट आणि कंबरेच्या स्नायूंनी आवरायचं. सुटतानाही दोन्ही हातांवर भार देता येत नाही. काही धावपटू आखूड हाताखाली छोटा ठोकळा ठेवतात. या सगळ्याला मोजमाप लागतं, नजर लागते आणि एकच गोष्ट शेकडो वेळा करवून घेणारा माणूस लागतो.

सुरगाण्याची वाट

मालेगावहून पश्चिमेला निघालं की कळवणपर्यंत दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी आणि मका. कळवण मागे पडलं की डोंगर सुरू होतात, मोबाइलची रेंज जाते-येते आणि भाताची खाचरं दिसू लागतात. उतारावर नागली, वरई. पाऊस इथे धो धो पडतो आणि वाहून जातो. उन्हाळ्यात पाड्यांवर पाण्याची ओरड ठरलेली. दिवाळी झाली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, काही गुजरातेत. पोरं मागे राहतात ती आश्रमशाळेत. अंथरूण आणि दोन वेळचं जेवण सरकारी असतं, म्हणून शाळा सुटत नाही.

वाटेतल्या एका शाळेच्या मैदानावर तालुका स्पर्धेची तयारी चालली होती. मैदान म्हणायचं एवढंच, एक बाजू दुसरीपेक्षा चांगली हातभर खाली. उताराच्या दिशेने पळणाऱ्यांना वेग छान वाटत होता. शिट्टी गुरुजींच्या गळ्यात, घड्याळ त्यांच्याच मनगटावर. पोरं बहुतेक अनवाणी. बूट दोन-तीन जोड्या, ते ज्याची पाळी त्याने घालायचे. बूट मोठे झाले तर पुढे कागदाचा बोळा. गुरुजींना मुलांची नावं पाठ होती. कोणाचा भाऊ मागच्या वर्षी विभागापर्यंत गेला आणि मग का थांबला, हेही पाठ होतं. थांबण्याची कारणं त्यांनी बोटांवर मोजून सांगितली. दहावी झाली आणि वसतिगृह सुटलं. बाप आजारी पडला. मुलीचं लग्न ठरलं. सरावाला नाशिकला जायचं तर राहायचं कुठे? कोणी वेगात कमी पडून थांबलं, असं एकही कारण त्यात नव्हतं.

दिलीप थांबला नाही, कारण त्याला प्रशिक्षक वैजनाथ काळे भेटले. त्यांनी त्याच्यातला धावपटू हेरला, त्याला नाशिकला आणलं आणि घडवलं. या एका वाक्यात कैक वर्षांचं काम आहे. राहण्याची सोय, खाण्याची सोय, शिक्षण चालू ठेवणं, स्पर्धांचे फॉर्म, गट ठरवण्याच्या वैद्यकीय तपासण्या, प्रवास आणि रोज पहाटेचा सराव. कोविडमुळे वर्षभर लांबलेल्या हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत २८ ऑक्टोबर २०२३ रोजी दिलीप चारशे मीटर ४९.४८ सेकंदांत धावला आणि त्याने सुवर्णपदक घेतलं. ताशी सरासरी एकोणतीस किलोमीटरचा हा वेग. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. त्याआधी २०१८ मध्ये जाकार्ताला एकूण पदकं मिळाली होती बहात्तर; या वेळी आकडा १११ वर गेला आणि शंभराचा उंबरठा ओलांडून दिला तो सुरगाण्याच्या पोराने. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये तो अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, तिथे आठवा आला.

आधी कोण देतं

परतफेड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्र येतं. विजेता गावी येतो, मिरवणूक निघते, तो शाळेला बूट वाटतो, पोरं टाळ्या वाजवतात. त्यात वाईट काही नाही. पण वेगवान धावपटूंच्या गोष्टी जरा मागून वाचल्या, तर देण्याची सुरुवात पदकाच्या कितीतरी आधी झालेली दिसते, आणि ती बहुधा दुसऱ्याच कोणी केलेली असते.

पी. टी. उषाचंच पाहू. पय्योलीची ही किरकोळ अंगाची मुलगी १९७६ मध्ये कण्णूरला मुलींसाठी सुरू झालेल्या निवासी क्रीडा विभागात गेली. तिथे तिला ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक मिळाले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांत तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. एवढ्या बारीक फरकाच्या शर्यतीपर्यंत पोहोचायला सरकारचं वसतिगृह, खानावळ आणि एक हट्टी शिक्षक आधी लागला होता. उषाने २००२ मध्ये केरळात आपली शाळा काढली, तेव्हा तिने उभं केलं तेही हेच. मुलींना राहायला जागा, जेवण, शाळा आणि ट्रॅक. धावपटू टिंटू लुका तिथूनच आली. उषाला काय मिळालं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं, म्हणून काय द्यायचं तेही ठाऊक होतं.

नाशिकलाही हेच घडलं, फक्त इमारतीवर नाव नाही. प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी कविता राऊतला घडवलं. कविताचं पदक आल्यावर त्यांच्या हाताखाली संजीवनी आणि मोनिका तयार झाल्या. कविताने या मुलींना काय दिलं, याचा हिशेब रुपयांत करता येणार नाही. आधी मुलगी धावायला जाते म्हटल्यावर घरात प्रश्न यायचा, ‘पळून काय मिळणार?’ कवितानंतर त्याला उत्तर मिळालं. नोकरी मिळते, नाव होतं, विमानात बसता येतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे बापाला शासन निर्णय वाचून पटत नाही. शेजारच्या पाड्यावरच्या पोरीला नोकरी लागली की पटतं. दिलीपच्या पदकाने यात आणखी एक भर घातली. हाताने अधू असलेल्या पोराला घरात बसवून ठेवणाऱ्या आईबापांपुढे आता एक नाव आहे. खेळाच्या तासाला ‘तू बस, पडशील’ असं सांगणाऱ्या गुरुजींपुढेही आहे.

मागांचं गाव

मग मालेगावात असा धावपटू का नाही? मोसम नदीच्या अलीकडे-पलीकडे लाखोंची दाट वस्ती, त्यात निम्म्याहून जास्त तरुण, आणि गरिबीचं म्हणाल तर तिला तोटा नाही.

सुरगाण्यात जागा आहे, सोय नाही. मालेगावात जागाच नाही. यंत्रमागाच्या गल्ल्यांत घर आणि कारखाना एकाच भिंतीला टेकलेले. बारा-बारा तासांची पाळी आणि खटखट रात्रंदिवस. बाप रात्रपाळीला, आई घरी कांडी भरते, पोरगा शाळा सुटल्यावर तिला हात लावतो. दोन खोल्यांत सहा-सात माणसं, त्यात दिवसा झोपणारा एक, रात्री झोपणारे बाकीचे. कापसाची धूळ छातीत. पहाटे पाचला उठून मैदानावर यायचं तर पोराने रात्री नऊला झोपलं पाहिजे, आणि नऊला त्या गल्लीत शांतता नसते.

शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी गल्लीचा आवाज बदलतो. क्रिकेटचे डाव पडतात, तरुण मंडळी मैदान गाठतात, आणि तेव्हा दिसतो तो वेग. चेंडू अडवायला धावणारा एखादा पोरगा पहिल्या दहा पावलांत असा सुटतो, की मोजायला घड्याळ नसल्याचं वाईट वाटतं. त्याचा बाप माग चालवतो, तोही शाळा सोडून कांडीवर बसतो. शर्यतीत कधी पळालास का, म्हणून विचारलं तर तो हसून म्हणाला, “किसलिए भाई?” उत्तर माझ्यापाशी तयार नव्हतं. कॅम्पातल्या भरतीच्या पोरांना ‘किसलिए’चं उत्तर माहीत आहे, म्हणून ती येतात. या पोरापर्यंत ते पोहोचवणारं कोणी नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत जातात. पण शाळा सुटली की त्या शिडीची पहिलीच पायरी निसटते.

मुलींचं याहून अवघड. मैदानावर आलेल्या मुली घोळक्याने पळत होत्या, कडेने, उजाडल्यानंतरच. दिवे लागले, स्वच्छतागृह झालं आणि त्यांच्यासाठी एक तास राखून ठेवला तर आणखी पुष्कळ जणी येतील, असं त्यांच्यातल्याच एकीचं म्हणणं. त्यात बूट, पैसे यातलं काहीच तिने मागितलं नाही.

देणारे इथेही आहेत. भरती होऊन पोलिसात गेलेला एक तरुण रजेवर आला की मैदानावर येतो. आपले जुने बूट आणतो, पोरांना रांगेत उभं करतो, गुडघा वर घ्यायला शिकवतो, फी घेत नाही. त्याला सोळाशे कसं पळायचं ते येतं, म्हणून तो सोळाशे शिकवतो. जे मिळालं तेच पुढे देता येतं. शंभरचा, चारशेचा धावपटू इथे घडलेला नाही, म्हणून तो प्रकार शिकवणारा कोणी नाही, आणि शिकवणारा नाही म्हणून पुढचाही घडत नाही.

चुना, टेप आणि एक माणूस

हे चक्र फोडायला कृत्रिम धावपट्टीच हवी, असं म्हणून सगळे हात झटकतात. ती आली तर उत्तमच. पण तिच्यावाचून अडलेली कामं वेगळी आहेत. आहे त्या मैदानावर पोलादी टेपने मोजून चारशे मीटरची मातीची धावपट्टी आखता येते. आतल्या उंच कडेपासून तीस सेंटिमीटरवर मापायचं, पट्टी १.२२ मीटर रुंद ठेवायची, वळणाची त्रिज्या एकदा दोरीने नीट घ्यायची. मुरूम काढून बारीक माती, वर पाणी आणि रोलर. हे काम बांधकामावरच्या कोणत्याही मुकादमाला समजतं. लाकडी स्टार्टिंग ब्लॉक सुतार करून देतो. दर महिन्याला त्याच जागेवर, त्याच माणसाने, शेवटच्या रेघेवर उभं राहून वेळ घ्यायची आणि वहीत लिहायची. वर्षाने ती वही उघडली की कोणाला नाशिकला पाठवायचं ते कळतं.

मग खर्चाची खरी बाब येते, ती म्हणजे माणूस. रोज पहाटे येणारा, पाळीवरून सुटलेल्या पोरासाठी संध्याकाळी पुन्हा येणारा, शाळेच्या मुख्याध्यापकाशी भांडून फॉर्मवर सही आणणारा, पोराच्या घरी जाऊन बापासमोर बसणारा. सुरगाण्याच्या पोराला असा माणूस मिळाला. असे लोक हौसेवर आणि पदरमोडीवर चालतात आणि आपण पदक आलं की त्यांचा सत्कार करतो. सत्कारापेक्षा त्यांना महिन्याचा पगार हवा असतो, आणि त्यांच्याकडे राहणाऱ्या पोरांसाठी दोन खोल्या आणि धान्य.

मालेगावात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. माग आणि सायझिंगच्या या गावात मंडळांचे मंडप उभे राहतात, इफ्तारच्या पंगती उठतात, निवडणुकीला तर विचारूच नका. एका प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार, दहा-बारा पोरांची अंडी-दूध, खिळ्यांच्या बुटांच्या काही जोड्या, एवढं या गावातल्या दोन-चार व्यापाऱ्यांनी मनावर घेतलं तरी निघतं. शुक्रवारची सुट्टी ही तर इथली सोयच. आठवड्यातून एक सकाळ सगळ्या गल्ल्यांतल्या पोरांची शर्यत लावायला ती आयती मिळालेली आहे. कॅम्पातली भरतीची पोरं आणि मागाच्या गल्लीतली पोरं एका रेघेवर उभी राहतील ती बहुधा याच कामासाठी.

संपादकांना मी कळवलं की विषय थोडा उलटा झाला आहे. मालेगावात परतफेड करणारा विजेता शोधायला गेलो, तर आधी त्याला काही देणारंच कोणी नाही, असं दिसलं. कर्ज दिल्याशिवाय फेडीची वाट पाहणं हे मागावर सूत न चढवता कापड मागण्यासारखं आहे. हे या गावाला मी वेगळं सांगायला नको.